खाडा

आमच्या इमारतीत सहा घरची धुणीभांडी करणाऱ्या मावशींचे वय त्यांच्या सांगण्याप्रमाणे 45 आणि आधार कार्डाप्रमाणे 49 आहे. गेल्या पावसाळ्यात त्यांना अधूनमधून चक्कर येऊ लागली, तेव्हा मी त्यांना जवळच्या सरकारी दवाखान्यात घेऊन गेले. केस पेपर काढला, तासाभराने नंबर लागला, डॉक्टरीणबाईंनी रक्तदाब मोजला; वरचा आकडा 168 निघाला. बाईंनी आस्थेने चौकशी केली, गोळ्या लिहून दिल्या आणि साखर तपासून घ्यायला सांगितले: उद्या सकाळी उपाशीपोटी यायचे, मग जेवून बरोबर दोन तासांनी पुन्हा रक्त द्यायचे, आणि परवा रिपोर्ट घेऊन भेटायचे. मावशींनी मान डोलावली. बाहेर पायरीवर बसून चपला घालताना त्यांनी बोटांवर हिशेब केला. आजचा एक, उद्याचा एक, परवाचा एक. "ताई, हे तर तीन खाडे झाले," त्या म्हणाल्या, आणि पुढचे दोन्ही दिवस नेहमीच्या वेळेला कामावर हजर राहिल्या.

मजुराच्या हजेरीवहीत तो आला नाही त्या दिवसाच्या चौकटीत पडणारी खूण म्हणजे खाडा. त्या दिवसाची मजुरी तर जातेच, शिवाय मुकादमाच्या किंवा मालकिणीच्या मनात नाव खराब होते ते वेगळेच. प्रौढ माणसांनी काही होत नसतानाही ठरावीक काळाने डॉक्टरांना दाखवावे की नाही, कोण दाखवते आणि कोण दाखवत नाही, यावर आपल्याकडे बरेच बोलले जाते. पण त्या बोलण्यात हा शब्द मला क्वचितच आढळतो. तिथला लाडका शब्द 'जनजागृती' हा आहे. लोकांना आरोग्याचे महत्त्व कळत नाही, म्हणून ते दुखणे अंगावर काढतात, तेव्हा फलक लावा, पथनाट्ये करा, शिबिरे भरवा, असा तो युक्तिवाद आहे. मावशींना काय कळले नव्हते? रक्तदाब वाढला की काय होते, हे त्यांनी स्वतःच्या सासूच्या अर्धांगवायूत अकरा वर्षे पाहिलेले आहे. नेमाने तपासणी करणारे आणि न करणारे यांच्यातले अंतर मुख्यतः दोन गोष्टींनी पडते, असे मला वाटते: त्या माणसाच्या दिवसाची किंमत काय, आणि तपासणीत काही निघालेच तर पुढे त्याला कोण सांभाळणार, याचा भरवसा किती.

याच इमारतीत वरच्या मजल्यांवर वेगळे जग आहे, आणि मी त्याच जगातली आहे. दर वर्षी मार्चच्या सुमारास सत्तर-ऐंशी चाचण्यांच्या 'फुल बॉडी चेकअप'च्या जाहिराती मोबाइलवर येतात. रक्त न्यायला मुलगा सकाळी सात वाजता दारात हजर होतो, संध्याकाळी रिपोर्ट मोबाइलवर येतो आणि आमचा खाडा शून्य असतो. एवढेच नव्हे, तर जुन्या करप्रणालीत राहणाऱ्यांना आयकर कायद्याच्या 80 ड कलमाखाली अशा प्रतिबंधात्मक तपासणीसाठी 5,000 रुपयांपर्यंतची वजावटही मिळत आली आहे, म्हणजे तपासणीचा थोडा भार सरकारी तिजोरीही उचलते. ज्याच्यावर कर बसण्याइतके उत्पन्नच नाही, त्याच्या वाट्याला ही मदत यायचा प्रश्न येत नाही. मग रिपोर्टमध्ये कुठेतरी एक तांबडा आकडा असतो, बहुधा जीवनसत्त्व ड किंवा बी-12 चा, आणि त्या आकड्यापायी एक तज्ज्ञ, दुसरी चाचणी, तिसरे मत असा प्रवास सुरू होतो. ज्यांना या तपासण्यांचा सर्वांत कमी उपयोग, ते सर्वांत जास्त वेळा जातात; ज्यांच्या बाबतीत वेळेवर मोजलेला एक रक्तदाब पुढचे अर्धे आयुष्य बदलू शकतो, ते जात नाहीत.

पुरुषांशी या विषयावर बोलायला गेले की एक वाक्य हमखास ऐकू येते: "तपासलं की काहीतरी निघतंच." आमच्या कोपऱ्यावरच्या रिक्षा थांब्यावर हे वाक्य मी इतक्या जणांच्या तोंडून ऐकले आहे की ते तिथले ब्रीदवाक्यच म्हणावे. सुशिक्षित माणूस ते ऐकून हसतो, त्याला त्यात अडाणीपणा दिसतो. पण रिक्षा भाड्याने घेऊन चालवणाऱ्याच्या जागी क्षणभर बसून पाहावे. निघाले, तर महिन्याच्या गोळ्या आल्या, त्या आणायला महिन्याचा अर्धा दिवस आला, सरकारी केंद्रात गोळ्या संपलेल्या असल्या की औषधांच्या दुकानाची पायरी आली, आणि एवढे करून अंगाला काही फरक जाणवत नाही, कारण वाढलेला रक्तदाब बहुधा जाणवतच नाही. उलट पक्षाघात झाला किंवा हृदयाची नळी तुंबली, तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. तिची मर्यादा कुटुंबामागे 5 लाख रुपयांपर्यंत नेण्याचा निर्णय 2023 मध्ये झाला. ही योजना चांगलीच आहे, तिने अनेक घरे कर्जातून वाचवली आहेत. पण तिचे दार रुग्णालयाच्या खाटेपाशी उघडते. माणूस आडवा झाल्यावर जी व्यवस्था त्याच्यासाठी लाखो रुपये मोजायला तयार असते, ती तो उभा असताना त्याच्या दोनशे रुपयांच्या गोळ्यांची खात्री देत नाही. अशा वेळी न तपासणे हा त्याने आपल्यापुरता केलेला बऱ्यापैकी शहाणा हिशेब असतो.

या हिशेबाचे टोक पाहायचे तर बीड जिल्ह्यात जावे लागेल. दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीला निघणारे नवरा-बायको मुकादमाच्या लेखी मिळून 'एक कोयता' असतात. हंगामाआधी घेतलेली उचल फेडेपर्यंत कोयता थांबता कामा नये. थांबला तर खाडा पडतो, आणि तो नुसत्या मजुरीपुरता न राहता दंडासकट उचलीत चढतो. 2019 मध्ये या भागातील बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची बातमी देशभर गाजली, तेव्हा राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. सर्वेक्षण झालेल्या 82,309 ऊसतोड महिलांपैकी 13,861 जणींचे गर्भाशय काढलेले आढळले, म्हणजे साधारण दर सहा जणींमागे एकीचे. त्यावर जी चर्चा झाली ती बहुतेक खासगी डॉक्टरांच्या लोभाची झाली, आणि कर्करोगाची भीती घालून शस्त्रक्रिया करणाऱ्यांना मोकळे सोडावे असे मी म्हणणार नाही. मात्र मला अधिक अस्वस्थ करते ती त्यामागची तडजोड. अंगावरून पांढरे जाणे, ओटीपोट दुखणे, पाळीत जास्त रक्त जाणे या तक्रारी बहुतेक वेळा गोळ्यांनी आणि दोन-तीन भेटींनी आटोक्यात येणाऱ्या आहेत. पण त्या दोन-तीन भेटी कुणी द्यायच्या? फडावर पाल ठोकून राहणाऱ्या बाईचा आज एका तालुक्यात आणि महिन्याने दुसऱ्या तालुक्यात मुक्काम. तिला पुन्हा येता येणार नाही हे तिला ठाऊक, आणि समोरच्या डॉक्टरलाही ठाऊक. मग "पिशवी काढून टाकू, कटकट मिटेल" हा सल्ला दोघांच्याही सोयीचा होतो. नेमाच्या भेटीची जागा शेवटी एका कायमच्या शस्त्रक्रियेने घेतली.

स्त्रियांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. आपल्या आरोग्यव्यवस्थेला प्रौढ बाई ओळखता येते ती आई म्हणून. दिवस राहिले की तिची नोंद होते, आशाताई घरी येते, लोहाच्या गोळ्या मिळतात, प्रसूतीची तारीख गावाला पाठ असते. 2019 ते 2021 या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार देशातील 88.6 टक्के प्रसूती रुग्णालयात किंवा आरोग्यकेंद्रात होतात. त्याच पाहणीत 30 ते 49 वर्षे वयाच्या ज्या स्त्रियांची गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी आयुष्यात एकदा तरी तपासणी झाली, त्यांचे प्रमाण 1.9 टक्के आहे. बाई तीच, देश तोच, बहुतेक ठिकाणी केंद्राची इमारतही तीच. कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया झाली की तिचे खाते बंद होते, आणि ते पुन्हा उघडते साठीत, मोतीबिंदूच्या शिबिरात. राज्याने 2022 च्या नवरात्रात 18 वर्षांवरील सर्व स्त्रियांच्या तपासणीची मोठी मोहीम हाती घेतली, तिचेही नाव 'माता सुरक्षित तर घर सुरक्षित' असे ठेवावेसे वाटले, यातच सगळे आले. पुरुषाला तर असे खातेच नाही. त्याच्या तोंडात मावा किंवा खर्रा वर्षानुवर्षे असतो, आणि तोंडाची एकदा तरी तपासणी झालेल्या पुरुषांचे प्रमाण त्याच पाहणीत 1.2 टक्के आहे. टॉर्च लावून गालफडाच्या आत पाहायला एक मिनिट लागते.

यावर एक भक्कम आक्षेप घेतला जाऊ शकतो, आणि तो मला बाजूला सारायचा नाही. काही त्रास नसलेल्या प्रौढांनी सर्वसाधारण तपासणी करून घेतल्याने मृत्यू कमी होतात का, हे पाहणाऱ्या अभ्यासांचा, वैद्यकीय पुरावे एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेचा आढावा 2012 मध्ये निघाला आणि 2019 मध्ये अद्ययावत झाला. अडीच लाखांहून अधिक माणसांच्या माहितीवरून त्याचा निष्कर्ष असा, की अशा तपासण्यांनी एकूण मृत्यूंत किंवा कर्करोगाच्या मृत्यूंत जवळपास काहीच फरक पडत नाही. डॉक्टरकडे जाण्याच्या संख्येचेही तेच. दक्षिण कोरियातला माणूस वर्षाला सरासरी 15 पेक्षा जास्त वेळा डॉक्टरांना भेटतो, स्वीडनमधला तीनपेक्षा कमी वेळा, आणि आयुर्मान दोन्हीकडे ऐंशीच्या पुढे आहे. मग मावशी गेल्या नाहीत म्हणून एवढे काय बिघडले?

हा आढावा वरच्या मजल्यांवरच्या माझ्या शेजाऱ्यांनी जरूर मनावर घ्यावा. मार्च महिन्यातली पॅकेजे त्याने बरीचशी निकालात निघतात. खालच्या जिन्याला मात्र तो जसाच्या तसा लागू होत नाही. त्यातील अभ्यास बहुतांशी युरोप-अमेरिकेत झाले. डेन्मार्कसारख्या देशात प्रत्येक माणसाच्या नावे एक कुटुंबवैद्य असतो, आणि तो सर्दीसाठी आलेल्या माणसाचाही रक्तदाब जाता जाता मोजतो. तिथे खास तपासणीला बोलावलेल्यांची तुलना झाली ती न बोलावलेल्यांशी, पण ज्यांचा डॉक्टर आधीपासून होता अशांशी. आपल्याकडे न बोलावलेला माणूस म्हणजे ज्याचा दंड पट्ट्यात कधी गुंडाळलाच गेला नाही असा माणूस. फॅमिली डॉक्टर नावाची जी संस्था मध्यमवर्गाच्या आठवणीत आहे, ती कष्टकऱ्यांना फारशी कधी मिळाली नव्हतीच. त्यांच्या वाट्याला आला तो 'एक सुई मारा आणि कामाला जाऊ द्या' एवढाच व्यवहार. तरीही या आढाव्यातून घ्यावे असे बरेच आहे. सरसकट सगळ्यांची सरसकट तपासणी नको. मोजक्या गोष्टी, ज्यांचा धोका आहे त्यांच्या, आणि निघालेल्या दोषाचा पाठपुरावा होणार असेल तरच, एवढे त्यातून सरळ निघते.

मोजक्या गोष्टींचा उपयोग होतो याचा पुरावा शोधायला डेन्मार्कला जाण्याचीही गरज नाही, तो मुंबईच्या झोपडपट्ट्यांत आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात तयार झाला आहे. टाटा स्मारक रुग्णालयाने 1998 पासून मुंबईच्या वस्त्यांमधील सुमारे दीड लाख स्त्रियांचा अभ्यास केला. त्यांतल्या निम्म्या वस्त्यांत दर दोन वर्षांनी तपासणी झाली, आणि तिचे साधन होते व्हिनेगर: पातळ ॲसिटिक ॲसिडमध्ये बुडवलेला बोळा गर्भाशयमुखाला लावायचा, पांढरा डाग उमटतो का ते डोळ्यांनी पाहायचे. पाहणाऱ्या डॉक्टर नव्हत्या. दहावीच्या आसपास शिकलेल्या आणि त्या कामाचे प्रशिक्षण घेतलेल्या स्त्रिया होत्या. 2013 मध्ये निष्कर्ष जाहीर झाले तेव्हा तपासणी झालेल्या गटात या कर्करोगाचे मृत्यू 31 टक्क्यांनी कमी दिसले. उस्मानाबादेत 1,31,746 स्त्रियांचा अभ्यास झाला आणि 2009 मध्ये प्रसिद्ध झाला. तिथे या कर्करोगाला कारण ठरणाऱ्या एचपीव्ही विषाणूची चाचणी आयुष्यात केवळ एकदा झालेल्या गटात मृत्यू जवळपास निम्मे होते, मात्र एकदाच केलेल्या व्हिनेगरच्या तपासणीने तसा फरक पडला नाही. दोन्ही अभ्यासांत काही गटांना तपासणीविना ठेवले गेले, त्यावरून पुढे वाद झाला आणि तो व्हायलाच हवा होता. पण जगभरच्या मार्गदर्शक सूचनांना आधार देणारे ज्ञान ज्या देशातल्या बायकांच्या सहभागातून उभे राहिले, त्या देशात एकदा तरी तपासणी झालेल्यांचे प्रमाण दहा वर्षांनंतरही 1.9 टक्के असावे, हे कुठल्याच जनजागृतीच्या हिशेबात बसत नाही. त्या बायका आल्या होत्या, कारण तपासणी त्यांच्या वस्तीत आली होती, त्यांच्यासारख्याच बाईने केली होती आणि काही सापडल्यास पुढचा उपचार ठरलेला होता.

रक्तदाबाचेही असेच आहे. 2017 च्या अखेरीस सुरू झालेल्या राष्ट्रीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात पहिल्या टप्प्यात महाराष्ट्रातले सातारा, सिंधुदुर्ग, भंडारा आणि वर्धा हे जिल्हे होते. त्यात अचंबित करणारे तंत्रज्ञान काही नाही. मोजक्या औषधांचा एकच ठरलेला क्रम, एका वेळी किमान 30 दिवसांच्या गोळ्या, प्रत्येक रुग्णाचे कार्ड, आणि तारखेला न आलेल्या माणसाची चौकशी. यातली चौथी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. आपल्या शिबिरांचे अहवाल पाहिले, तर 'एवढ्या हजार लाभार्थ्यांची तपासणी' हा आकडा ठळक छापलेला असतो. त्यांपैकी किती जण दुसऱ्यांदा आले हा रकाना बहुधा नसतोच. मांडव, फुगे, पाहुण्यांच्या हस्ते दीपप्रज्वलन आणि हातात एक चिठ्ठी: 'रक्तदाब जास्त, वैद्यकीय अधिकाऱ्यांना भेटा.' ती चिठ्ठी देवाच्या फोटोमागे खोचून ठेवलेली मी पाहिली आहे. पहिली भेट उत्साहाने होते; आजार आटोक्यात येतो तो दुसऱ्या, सहाव्या, वीसाव्या भेटीत. तेव्हा सरकारी कार्यक्रमाचे मूल्यमापन पहिल्या भेटीवर न करता सहाव्या भेटीवर करावे, अशी माझी साधी सूचना आहे. पहिला आकडा त्यामुळे लहान दिसेल आणि काही अधिकाऱ्यांची अडचण होईल, पण ती सोसण्यासारखी आहे.

दुसरी सूचना वेळेची आहे, आणि ती अमलात येऊ शकते हे राज्याने स्वतःच दाखवले आहे. मुंबईतील 'आपला दवाखाना' रात्री दहापर्यंत चालतो. 2023 च्या महाराष्ट्र दिनापासून राज्यभर सुरू झालेल्या अशा दवाखान्यांची वेळही दुपारी 2 ते रात्री 10 ठरवण्यात आली. नाव कुणाचे आणि श्रेय कुणाचे यावर वाद घालणाऱ्यांनी तो खुशाल घालावा. मला त्यातली घड्याळाची गोष्ट मोलाची वाटते. बाह्यरुग्ण विभाग सकाळचा असतो तो डॉक्टरांच्या सोयीने, आणि मजुराची मजुरीही सकाळचीच असते. साखरेची तपासणी उपाशीपोटीच हवी हा आग्रहही पहिल्या चाळणीसाठी सोडता येतो, बोटाला टोचून केव्हाही पाहिलेली साखर निदान कुणाला पुढे बोलवायचे हे सांगते. तीस वर्षांवरील प्रत्येकाची अशी चाळणी करण्याचा कार्यक्रम कागदोपत्री आहेच. आशाताईने घरोघर जाऊन तंबाखू, कंबरेचा घेर, घरातले आजार यांचा तक्ता भरायचा, आणि चारपेक्षा जास्त गुण झाल्यास त्या माणसाला आधी केंद्रात पाठवायचे, अशी त्याची रीत आहे. मात्र आशाताई दुपारी येते, आणि तेव्हा घरी असतात म्हातारे आणि लहान मुले.

तिसरी गोष्ट पगाराची, आणि इथे बोट आपल्याकडे वळते. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या श्रम संहितांमध्ये चाळिशीपुढच्या कामगारांच्या मोफत वार्षिक तपासणीची तरतूद आहे. कारखान्यातल्या माणसाला तिचा उपयोग होईल अशी आशा करू. पण घर ही काही कुणाच्या लेखी आस्थापना नाही. घरेलू कामगारांसाठी महाराष्ट्रात 2008 चा कल्याण मंडळाचा कायदा आहे, तरी मावशींना तपासणीसाठी भरपगारी अर्धा दिवस द्यायला तो मला भाग पाडत नाही. आणि कायदा नसला म्हणजे माझ्यासारख्या सुशिक्षित बाईला किती काळ काहीच सुचत नाही, हे मला त्या तीन खाड्यांच्या दिवशी कळले. मावशी आल्या नाहीत की माझ्या तोंडून पहिले वाक्य "आज कशी सुट्टी?" असेच निघत आले आहे.

तेव्हा सहा घरांचा एक गट मोबाइलवर तयार केला आणि त्यावर लिहिले, की महिन्यातून एक सकाळ मावशी दवाखान्यात जातील, पैसे कापायचे नाहीत. चार घरांनी अंगठा दाखवला, त्यात माझा एक धरला आहे. पाचव्या घराने विचारले की त्यांना नक्की झाले आहे तरी काय, चांगल्या तर दिसतात. सहाव्याने अजून काही लिहिलेले नाही. मावशी एकदा जाऊन आल्या. वरचा आकडा 146 होता, साखर बोटाला टोचूनच पाहिली आणि ती ठीक निघाली. कार्डावर पुढची तारीख सोमवारची पडली आहे. रविवारी त्यांची सुट्टी असते, त्यामुळे सोमवारी सहाही घरी दोन दिवसांची भांडी पडलेली असतात.